डोक्याच्या दुखापतीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज कुठे अडतो

स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा अर्ज भरणं सोपं आहे. आधार, रहिवासाचा पुरावा, ताजा फोटो, उपचाराचे कागद एवढं लागतं. रुग्णालय आपल्या जिल्ह्यातलं निवडा, म्हणजे सातारा किंवा सांगलीचं सिव्हिल. उपचार दुसरीकडच्या सरकारी रुग्णालयात झाले असतील तर तेही चालतं.

खरी अडचण पुढे. मेंदूच्या दुखापतीची तपासणी साधारणपणे सहा महिन्यांनंतर होते, आणि ते महिने मोजायचे अपघातापासून. दुसऱ्याच महिन्यात जतहून गाडी करून आलेली माणसं तशीच परत जाताना पाहिली आहेत. गाडीभाडं कोण देणार?

मग फाइल. प्रमाणपत्रासाठी तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड आजार मोजत नाही, मागे राहिलेला परिणाम मोजतं. लोक आणतात सीटी स्कॅनचा गठ्ठा आणि डिस्चार्ज कार्ड. त्यावरचा कोमा स्केलचा, म्हणजे शुद्ध किती होती त्याचा, ६ किंवा ७ हा आकडा अपघाताच्या रात्रीचा. आज माणूस कसा आहे, ते त्यावरून कळत नाही. 'सुधारणा आहे' या शेऱ्यानेही नाही. फिजिओथेरपिस्टकडून बार्थेल इंडेक्स लिहून घ्या: जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशी १० कामं, १०० गुण. दर महिन्याला, तारीख आणि सहीसकट. हा कागद यादीत नाही, म्हणून कुणाकडेच नसतो. बोर्ड स्वतः तपासतंच, पण सुधारणा कुठे थांबली ते या तारखांवरून दिसतं.

बार्थेलमध्ये 'करू शकतो' याला गुण नाहीत, 'रोज करतो का' याला आहेत. घरी बायको अंघोळ घालते आणि डॉक्टरांपुढे आई सांगते, "बराय की आता, सगळं करतोय." माऊली, तिथं तरी खरं सांगा.

दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची दुखापत हा प्रकारच नाही! हात-पाय लुळे पडले तर अस्थिव्यंग, बोलणं गेलं तर वाचा व भाषा दोष, असं विभागून लिहावं लागतं. फॉर्ममध्ये एकच खूण केली की बाकीचं तपासायचं राहून जातं. विसरणं, भडकणं तर बार्थेलमध्ये येतच नाही. १०० पैकी १०० मिळवणारा माणूस गॅस चालू ठेवून बाहेर जातो. त्यासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल वेगळा मागा. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. हाता-पायाचे ३० आणि वाचेचे २० असतील तर एकेकटं कुठलंच पुरत नाही, सरकारी सूत्राने एकत्र धरले की ४३ च्या पुढे जातात, कारण त्यात लहान आकड्याचा काही भागच मिळवतात. बेरीज ५० येत नाही, त्यावरून खिडकीवर भांडू नका.