किनाऱ्यामागचे अकापुल्को

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. तिथून सकाळी निघालेली बस टोलरस्त्याने डोंगर उतरत दुपारपर्यंत अकापुल्कोला पोचते. अंतर साधारण 380 किलोमीटर. 'सूर्याचा महामार्ग' म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता 1993 मध्ये पूर्ण झाला आणि राजधानीतल्या माणसाला शनिवार-रविवारी समुद्रावर जाऊन येणे सोपे झाले. बहुतेक प्रवासी उतरतात ते थेट कोस्तेरावर, म्हणजे उपसागराला वळसा घालून जाणाऱ्या हॉटेलांच्या रस्त्यावर. दोन-तीन दिवस वाळू आणि लाटा, एका संध्याकाळी कड्यावरून उड्या मारणारे तरुण, की निघाले परत. या शहरावर असा प्रवास अन्याय करतो, असे मला मनापासून वाटते. मेक्सिकोत समुद्रकिनारे कमी नाहीत, पण आशिया आणि अमेरिका यांना अडीचशे वर्षे बांधून ठेवणारे बंदर एकच होते, ते हे.

बंदर इथेच का, याचे उत्तर उपसागराकडे पाहिले की मिळते. घोड्याच्या नालासारखा आकार, किनाऱ्यापर्यंत खोल पाणी, तिन्ही बाजूंना डोंगर आणि तोंडाशी ला रोकेता बेट. वादळवाऱ्यात मोठे जहाज सुरक्षित उभे राहील अशी जागा या किनाऱ्यावर फार थोडी. तरीही नुसते चांगले बंदर असून भागत नव्हते. मेक्सिकोहून पश्चिमेला, वाऱ्याच्या पाठीवर बसून फिलिपिन्स गाठणे जमत होते. परत येणे जमत नव्हते. एकामागून एक मोहिमा तिकडेच अडकल्या. 1565 मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या खलाशी साधूने सेबूहून निघून जहाज आधी खूप उत्तरेला, जपानच्या बाजूला नेले. तिथे पश्चिमेकडून येणारे वारे आणि उबदार सागरी प्रवाह सापडले. त्यांच्या आधाराने कॅलिफोर्नियाचा किनारा धरून तो ऑक्टोबरमध्ये अकापुल्कोला उतरला. आलोन्सो दे आरेयानो हा त्याच मोहिमेतला दुसरा कप्तान त्याच्या काही आठवडे आधी उत्तरेकडच्या नाविदाद बंदराला पोचला होता, पण पुढची अडीच शतके चालली ती उर्दानेताने नीट नोंदवून ठेवलेली वाट.

त्यानंतर दरवर्षी मनिलाहून जहाज येऊ लागले. ही जहाजे बहुतेक फिलिपिन्समध्येच, काविते बंदरात, तिथल्या कठीण लाकडातून आणि तिथल्या लोकांकडून वेठीने राबवून बांधली जात. मनिलाहून पावसाळी वारे धरून जून-जुलैत निघायचे आणि चार ते सहा महिने पाण्यावर काढून हिवाळ्यात अकापुल्कोला लागायचे. वाटेत ताज्या अन्नावाचून हिरड्या सुजत, माणसे मरत. परतीचा प्रवास मात्र तीन महिन्यांत होई. येताना चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, मेण, हस्तिदंताच्या मूर्ती आणि हिंदुस्थानचे सुती कापड, जाताना मुख्यतः चांदी. स्पेनमधल्या व्यापाऱ्यांना ही स्पर्धा सोसवेना. म्हणून 1593 मध्ये राजाने हुकूम काढला: वर्षाला दोनच जहाजे, प्रत्येकी 300 टनांची, आणि मालालाही किमतीची मर्यादा. हुकूम कागदावर राहिला. जहाजे त्याहून कितीतरी मोठी होत गेली आणि नोंदीबाहेरचा माल नोंदीतल्या मालापेक्षा कमी नसावा.

जहाज दिसले की अकापुल्कोत जत्रा भरायची. मेक्सिको सिटी आणि पुएब्लाचे व्यापारी, पेरूहून चांदी घेऊन आलेले दलाल, जकात अधिकारी, हमाल, भटजी-भिक्षू, भिकारी, सगळे या एका गावात कोंबले जात. 1803 मध्ये अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट इथे उतरला तेव्हा त्याने लिहून ठेवले की एरवीची सुमारे 4,000 वस्ती मनिलाचे जहाज आले की 9,000 वर जाते. जत्रा संपली की गाव पुन्हा रिकामे. उकाडा आणि ताप यांना कंटाळून पैसेवाले घाटावर निघून जात आणि मागे राहत ते हमाल, कोळी, गुलाम आणि त्यांची मुलेबाळे. पैसा यायचा, पण थांबायचा नाही. अकापुल्कोच्या इतिहासात हीच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते.

सोपारा-कल्याणचा माल नाणेघाटातून जुन्नरला चढायचा, तसा अकापुल्कोचा माल खेचरांच्या तांड्यांवरून पापागायो आणि बाल्सास नद्या ओलांडत, चिल्पान्सिंगो मार्गे राजधानीला चढायचा. या वाटेला 'चीनची वाट' म्हणत. तिच्यावर आयुष्य काढणाऱ्या खेचरवाल्यांतूनच पुढे देशाच्या इतिहासातली मोठी माणसे निघाली.

जहाजातून माल आला, तशी माणसेही आली. फिलिपिनो खलाशी तर इतके की 1619 मध्ये सेबास्तियान दे पिनेदा या कप्तानाने थेट राजाकडे तक्रार केली: मनिलाहून आलेले खलाशी अकापुल्कोला उतरतात, इथल्या बायकांशी लग्ने करतात आणि परत येतच नाहीत. त्याने दिलेले उदाहरण 1618 च्या 'एस्पिरितू सान्तो' जहाजाचे आहे: 75 जणांपैकी जेमतेम पाच परतले. त्याची दुसरी तक्रार आपल्याला ओळखीची वाटेल. हे लोक नारळाच्या झाडांवर चढून माडी काढतात, तिची दारू गाळतात आणि त्यामुळे स्पेनची द्राक्षाची दारू कुणी विकत घेत नाही. ही झाडे तोडून टाकावीत, असा त्याचा सल्ला होता. झाडे तुटली नाहीत. आजही अकापुल्कोच्या वायव्येला कोस्ता ग्रान्दे म्हणतात त्या पट्ट्यात मैलोनमैल माडाच्या बागा आहेत आणि 'तुबा' या फिलिपिनो नावानेच माडी विकली जाते. कोकणातला माणूस या रस्त्याने गेला तर क्षणभर गोंधळेल.

झाडांची ये-जा दोन्ही दिशांनी झाली. बाजारात मिळणारा पिवळा, निमुळता आंबा मेक्सिकोत 'मनिला' म्हणून विकला जातो, कारण त्याचा वाण फिलिपिन्समधून आला. उलट दिशेने मेक्सिकोतून गेलेल्या झाडांत चिकू आहे. डहाणू-घोलवडच्या बागांतल्या चिकूचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली जंगले. तिथे त्याचा चीक पूर्वापार चघळला जातो. स्पॅनिश जहाजांनी तो फिलिपिन्सला नेला.

आणि गुलाम. 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते. त्यामुळे गोवा, कोचीन, मलाक्का इथल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांना मनिलाचा बाजार खुला झाला आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून पकडलेली माणसे मनिलामार्गे अकापुल्कोला विकली जाऊ लागली. मलबारी असो, बंगाली असो की जपानी, इथे उतरल्यावर सगळ्यांची नोंद एकाच शब्दात व्हायची: 'चिनो', चिनी. त्यांतली एक मुलगी इतिहासाला नावानिशी ठाऊक आहे. मुघल मुलखात जन्मलेली ही मुलगी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती लागली, कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलाला विकली गेली आणि 1620 च्या सुमारास अकापुल्कोला उतरवली गेली. पुढे ती पुएब्लातल्या एका कप्तानाच्या घरी राहिली. कातारिना दे सान हुआन या नावाने ती तिथे संत म्हणून पूजली जाऊ लागली आणि 1688 मध्ये वारली. तिचे तीन खंडांतले चरित्र एका जेझुइट पाद्र्याने लिहिले, पण त्यातल्या चमत्कारांमुळे धर्मन्यायालयाने त्यावर बंदी घातली. मेक्सिकोचा राष्ट्रीय समजला जाणारा स्त्रीवेष, 'चिना पोब्लाना', तिच्याशी जोडला जातो. हा संबंध दंतकथेचाच आहे, पण ती स्वतः दंतकथा नव्हे. 1672 मध्ये स्पेनच्या राणीच्या हुकमाने आशियाई गुलामांच्या मुक्ततेला सुरुवात झाली. आफ्रिकी गुलामांना त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली.

हा सगळा काळ एका जागी पाहायचा तर सान दिएगो किल्ल्यात जावे. शहरात वेळ एकाच ठिकाणाला देता येणार असेल तर माझे मत किनाऱ्याला नाही, या किल्ल्याला. 1615 मध्ये योरिस फान स्पिलबर्गनचा डच तांडा थेट उपसागरात शिरला तेव्हा बंदराला संरक्षण असे नव्हतेच. त्यानंतर 1615 ते 1617 मध्ये किल्ला उभा राहिला आणि गंमत म्हणजे तो आखून दिला आड्रियान बोट या डच अभियंत्यानेच. 1776 च्या भूकंपात तो ढासळला. 1783 मध्ये पुन्हा बांधून झाला तो आजचा पाच टोकांचा तारा. आतल्या संग्रहालयात निळी-पांढरी चिनी भांडी, रेशीम आणि लाखेच्या पेट्या यांची दालने आहेत. बुरुजावर उभे राहिले की तोफांच्या झरोक्यांतून बंदराचे तोंड दिसते आणि जत्रा कुठे भरत असेल याचा अंदाज येतो.

1813 मध्ये स्वातंत्र्यसेनानी होसे मारिया मोरेलोस याने याच किल्ल्याला वेढा घातला. एप्रिलमध्ये गाव हाती आले, किल्ला शरण आला तो ऑगस्टमध्ये. याच युद्धाच्या धामधुमीत मनिलाचा व्यापार संपला. 1815 मध्ये शेवटचे जहाज अकापुल्कोहून परत गेले. मोरेलोसनंतर लढा जिवंत ठेवला तो व्हिसेन्ते गेरेरोने. जवळच्या तिक्स्तलाचा, आफ्रिकी वंशाचा, व्यवसायाने खेचरवाला. डोंगरातली एकूण एक वाट त्याला पाठ होती. 1829 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी त्याने गुलामगिरी बंद केली. 1849 मध्ये नवे राज्य केले तेव्हा त्याला त्याचेच नाव दिले. अकापुल्को याच गेरेरो राज्यात आहे. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर आगबोटी कोळसा घ्यायला थांबू लागल्या, एवढे सोडले तर पुढची शंभर वर्षे गाव जवळजवळ विसरले गेले.

1927 मध्ये मोटाररस्ता आला आणि दुसरी जत्रा सुरू झाली, पर्यटकांची. तिला खरे बळ दिले मिगेल आलेमान याने. 1946 ते 1952 तो राष्ट्राध्यक्ष होता. विमानतळ, पाणी, किनाऱ्यालगतचा प्रशस्त रस्ता त्याच्या काळात झाले. रस्त्याला नावही त्याचेच. त्यासाठी क्रांतीनंतर शेतकऱ्यांना मिळालेल्या सामायिक जमिनी सरकारने काढून घेतल्या, हे पर्यटनपत्रकांत सापडत नाही. हॉलिवूडचे नट-नट्या आले, 1953 मध्ये केनेडी दांपत्य मधुचंद्राला आले. पडद्यावरचा टार्झन जॉनी वाइसम्युलर तर इथेच राहिला, इथेच 1984 मध्ये वारला.

ला केब्राडाच्या कड्यावरच्या उड्या या काळाच्या थोड्या आधीच्या. 1934 पासून स्थानिक मुले त्या मारू लागली. प्रेक्षक बघतात ती उंची, सुमारे 35 मीटर. खरी कसोटी खाली आहे. कड्यांमधली चिंचोळी घळ आणि तीत जेमतेम चार-पाच मीटर पाणी, तेही लाट आत आली असताना. म्हणून उडी मारणारा वर छोट्या देवळीत ग्वादालुपेच्या मातेला हात जोडतो आणि मग लाटा मोजत उभा राहतो. लाट घळीच्या तोंडाशी असतानाच त्याला पाय सोडावे लागतात, म्हणजे तो पाण्यात पडेतो ती आत भरलेली असते. लाट आत आल्यावर उडी मारली तर उशीर झालेला असतो.

हॉटेलांत राबायला आलेल्या माणसांना किनाऱ्यावर जागा नव्हती. ती डोंगरउतारावर चढली, ओढ्यांच्या काठाने घरे बांधत. 1980 च्या सुमारास त्यांतल्या हजारोंना डोंगरापलीकडे नव्या वसाहतीत हलवले, तरी उतार पुन्हा भरले. ऑक्टोबर 1997 मध्ये पॉलिन चक्रीवादळाचा पाऊस त्याच ओढ्यांतून दगडगोटे घेऊन खाली आला आणि शेकडो माणसे गेली. परदेशी पर्यटक तोवर कान्कुनकडे वळू लागले होते. 2006 नंतर अमली पदार्थांच्या टोळ्यांची युद्धे पेटली आणि उरलेलेही थांबले. 24-25 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री ओटिस आले. एका दिवसात साध्या वादळाचे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ झाले. वारे ताशी 250 किलोमीटरहून अधिक होते. लोकांना तयारीला वेळच मिळाला नाही. हॉटेलांच्या काचांचा भुगा झाला, शहराची वीज आणि फोन गेले. सावरते न सावरते तोच सप्टेंबर 2024 मध्ये जॉन वादळाने दिवसचे दिवस पाऊस पाडला.

प्रवाशाने आज जायचे ठरवले तर सुरक्षेची ताजी माहिती घेऊन, दिवसाउजेडी आणि स्थानिक माणसाच्या सोबतीने आसपास फिरावे. वायव्येला पिए दे ला कुएस्ता हा समुद्र आणि कोयुका सरोवर यांच्यामधला वाळूचा अरुंद पट्टा आहे. तिथला समुद्र ओढ घेणारा, पोहण्यासाठी नाही. पूर्वेला बारा व्हिएखाला मासा उभा चिरून, उलगडून, लाल मिरचीचे वाटण लावून निखाऱ्यांवर भाजतात. गुरुवारी गेरेरोत घरोघरी आणि खाणावळींत पोसोले असते, मक्याच्या फुलवलेल्या दाण्यांचा दाट रस्सा.

त्याहून पुढे, ओआहाकाच्या सीमेपर्यंत, कोस्ता चिका पसरला आहे. गुरांच्या वाड्यांवर आणि बंदरात राबवलेल्या, तिथून पळालेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज इथे राहतात. कुआहिनिकुइलापा गावात त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसांत, लाकडी मुखवट्यांना घोड्याच्या केसांच्या दाढ्या लावून गावोगाव सैतानांचा नाच निघतो. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे मेक्सिकोच्या सरकारी कागदांत या लोकांना वेगळे नाव नव्हते. 2019 मध्ये राज्यघटनेत त्यांची नोंद झाली आणि 2020 च्या जनगणनेत, पहिल्यांदाच, स्वतःला आफ्रो-मेक्सिकन म्हणवणारे देशभरात 25 लाखांहून अधिक लोक मोजले गेले.