प्लस कोणत्या हाताला? छोट्या गाडीची बॅटरी स्वतः बदलणाऱ्यांसाठी

आमच्याकडून बॅटरी नेणारे बरेच ग्राहक ती घरीच बसवतात. बसवावीच. दहाचा पाना आणि थोडी सवड असली की छोट्या गाडीचं हे काम अवघड नाही. तरीही काही बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे परत येतात, आणि त्यातल्या बहुतेक ठणठणीत असतात. प्लस नको त्या बाजूला आलेला असतो आणि वायर पुरत नाही, एवढंच झालेलं असतं. फोनवरचं पहिलं वाक्यही ठरलेलं: "अहो, तुम्ही उलटी बॅटरी दिलीत." खरं तर ऑर्डर देतानाच बाजू उलटी सांगितलेली असते. म्हणून हे पत्रक.

जुनी बॅटरी गाडीत असतानाच बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या ज्या लांब कडेजवळ दोन्ही टर्मिनल (वायर जोडायच्या खुंट्या) आहेत, त्या कडेसमोर आपण उभे आहोत असं धरा. टर्मिनल तुमच्या पोटाकडे, बॅटरीची रिकामी बाजू पलीकडे. आता प्लस उजव्या हाताला येतो की डाव्या? आम्हाला एवढंच सांगा. "ड्रायव्हरच्या बाजूला" किंवा "इंजिनाकडे" या उत्तरांचा उपयोग होत नाही, कारण बॅटरी ठेवायचा ट्रे कुठे आडवा असतो, कुठे उभा, आणि तुम्ही गाडीच्या कोणत्या अंगाला उभे आहात ते आम्हाला फोनवर दिसत नाही. वायरच्या रंगावरही विसंबू नका. लाल टोपी हरवलेली असते, नाहीतर मागच्या मिस्त्रीने दोन्ही बाजूंना काळीच लावलेली असते. डब्यावर टर्मिनलजवळ उठवलेली + आणि − ची खूण बघा. तीही झिजली असेल तर दोन्ही पोस्टची, म्हणजे टर्मिनलच्या खुंट्यांची, जाडी बघा: प्लसचा पोस्ट मायनसपेक्षा थोडा जाड असतो. फरक दीड मिलिमीटरच्या आसपास असतो, पण शेजारी शेजारी पाहिलं की कळतो.

आता लेबलवरच्या नंबरातल्या एल आणि आर अक्षरांबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लेबलवर ३८ बी २० एल असा नंबर दिसला की ग्राहक म्हणतात, "एल म्हणजे लेफ्ट, म्हणजे प्लस डावीकडे." जपानी पद्धतीच्या नंबरात तसं नसतं. त्यात बॅटरीकडे लांब बाजूने बघायचंच नसतं. प्लसकडच्या आखूड बाजूने बघायचं असतं, आणि तिथून टर्मिनल डाव्या कडेला दिसले तर एल. हीच बॅटरी टर्मिनल पोटाकडे घेऊन पाहिली तर प्लस येतो उजवीकडे! दुसरीकडे, काही कंपन्या आपल्या मॉडेलच्या नावात आर हे अक्षर सरळ "प्लस उजवीकडे" या अर्थाने लावतात. म्हणजे एका डब्यावरचा एल आणि दुसऱ्या डब्यावरचा आर एकाच मांडणीचे निघू शकतात. युरोपीय पद्धतीच्या बॅटरीत अक्षराऐवजी ० किंवा १ असतो: ० म्हणजे प्लस उजवीकडे, १ म्हणजे डावीकडे. हे सगळं पाठ करायची गरज नाही. टर्मिनल पोटाकडे घेऊन वरून एक फोटो काढा आणि लेबलचा दुसरा. दोन फोटो आले की पुढची जबाबदारी आमची.

फक्त गाडीचं नाव आणि साल सांगून बॅटरी मागणाऱ्यांना आम्ही फोटो मागतो, तेव्हा काहींना तो टाळाटाळ करण्याचा प्रकार वाटतो. पण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलची बॅटरी वेगळी असू शकते, स्टार्ट-स्टॉपच्या (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) मॉडेलची आणखी वेगळी. शिवाय गाडी दुसऱ्या हाताची असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते कोणाला माहीत? कारखान्यातून आलेली पहिली बॅटरी केव्हाच गेलेली असते.

चुकीच्या मांडणीची बॅटरी हातात आली आणि वायर चार बोटं कमी पडली की दोन मोह होतात. पहिला, वायर ताणून बसवायची. ताणलेली वायर गाडीच्या हादऱ्याने क्लॅम्प (पोस्टवर आवळायची वायरच्या टोकाची कडी) सैल करते आणि तिचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून जातं. दुसरा, बॅटरी ट्रेमध्ये फिरवून ठेवायची. मग प्लस हव्या त्या हाताला येतो, पण दोन्ही पोस्ट पलीकडच्या कडेला जातात. तिथे बॉनेटचा पत्रा किंवा बॅटरी आवळून धरणारी पट्टी प्लसच्या फार जवळ आली तर खड्ड्यात गाडी आदळताच शॉर्ट. तिसरी गोष्ट मोहाची नाही, निव्वळ घाईची आहे: जी वायर जिथे पुरली तिथे जोडून टाकणं. प्लस-मायनसची अशी अदलाबदल झाली की मेन फ्यूज गेला तर नशीब समजा. अल्टरनेटरचे (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरही, जाऊ शकतात. नवी बॅटरी त्यापुढे स्वस्तच.

पोस्टची जाडीही बघा. जपानी पद्धतीच्या छोट्या बॅटऱ्यांत बारीक पोस्ट असतात, बुडाशी प्लस १४.७ मिलिमीटर आणि मायनस १३. जाड पोस्टांत हेच आकडे १९.५ आणि १७.९ असतात. जाड क्लॅम्प बारीक पोस्टवर कितीही आवळला तरी फिरतो. मग त्यात पत्र्याचा तुकडा किंवा तांब्याची तार कोंबली जाते, आणि आठवड्याने गाडी सेल्फ घेत नाही. यासाठी शिशाचे तयार टोप मिळतात. आमच्याकडे आहेत, मागितले तर देतो. पण मुळात योग्य पोस्टची बॅटरी घेणं बरं. उलट प्रकारात, म्हणजे बारीक क्लॅम्प जाड पोस्टवर, हातोडी कधीही मारू नका. पोस्ट आतल्या प्लेटांच्या पट्टीला जोडलेला असतो, तो जोड तडकला की ती बॅटरी संपली. अशी बॅटरी वॉरंटीत बसत नाही, आणि ठोकल्याची खूण पोस्टवर स्पष्ट दिसते.

परतीबद्दल वाद होतात, म्हणून आमचा नियम आधीच सांगतो. क्लॅम्प न आवळलेली बॅटरी आम्ही विनातक्रार बदलून देतो. क्लॅम्पचे वळ उठलेली बॅटरी पुढच्या ग्राहकाला नवी म्हणून विकता येत नाही, तुम्हीही ती नवी म्हणून घेतली नसती. म्हणून क्लॅम्प लावण्याआधी बॅटरी नुसती ट्रेमध्ये ठेवा, दोन्ही वायर सैल हाताने आपापल्या पोस्टजवळ आणून बघा. पुरतात? पट्टी बसते? मगच पुढे जा.

बसवताना इंजिन बंद, चावी काढलेली, हातातलं घड्याळ आणि अंगठ्या उतरवलेल्या. सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. कारण साधं आहे: मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असू शकतो. मायनसच्या क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर तो पेचकसाने उचकटू नका. क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पूर्ण सुकवा, आतून चकचकीत होईपर्यंत घासा. व्हॅसलिन आवळून झाल्यावर वरून लावा. जोडणीनंतर घड्याळ, रेडिओ आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागतं. तो बिघाड नव्हे.

"३५ च्या जागी ४५ अँपिअर-अवरची टाकू का?" (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप.) ट्रेमध्ये बसत असेल, बॉनेट टेकत नसेल आणि पट्टी नीट आवळली जात असेल तर टाका, गाडीला अपाय नाही. पण रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत मोठ्या बॅटरीने गाडी सुधारत नाही, म्हणून आम्ही आग्रह धरत नाही. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत मात्र तडजोड करू नका. तिथे ईएफबी असेल तर ईएफबी किंवा एजीएमच लावा (हे स्टार्ट-स्टॉपला टिकणाऱ्या बॅटरीचे दोन प्रकार). साधी बॅटरी तिथे फार लवकर मान टाकते.

आणि शेवटची नेहमीची तक्रार: नवी बॅटरी तीन दिवसांत डाऊन. आमच्याकडून निघताना आम्ही प्रत्येक बॅटरी मोजतो आणि आकडा कार्डावर लिहितो. भरलेली बॅटरी आराम करून १२.६ व्होल्टच्या वर असते, १२.२ दिसलं तर ती साधारण निम्मीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर सर्वसाधारण गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा सैल जोडणी बघा. चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद असताना काहीतरी वीज खात आहे. निरोगी गाडी सगळं झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत घेते. डिकीचा दिवा किंवा नंतर बसवलेला कॅमेरा मिळून अर्धा अँपिअर जरी ओढत असेल, तरी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सत्तर तासांत रिकामी. ही तपासणी बॅटरी आमच्याकडची असेल तर आम्ही विनामूल्य करतो. गाडी घेऊन या. नुसती बॅटरी काढून आणलीत तर दोष गाडीत राहतो आणि आम्हाला दिसत नाही.

जुनी बॅटरी उभीच आणा, आडवी केली की आम्ल सांडू शकतं. आतलं शिसं पुन्हा वितळवून वापरात येतं, त्यामुळे तिची किंमत नव्या बिलातून वजा होते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि डब्यावरचा नंबर आमच्यासमोरच भरून घ्या.