मीरा दिसत नाही? दुर्बीण ठीक आहे!

दुर्बिणीसोबतच्या नकाशात तिमिंगल तारकासमूहातल्या मीराभोवती आम्ही मुद्दाम तांबडे वर्तुळ काढले आहे. "नकाशात आहे, मग आकाशात का नाही?" असे विचारणारे ग्राहक बरेच. दुर्बीण परत करण्याआधी एवढे वाचा.

मीरा हा म्हातारा, तांबडा राक्षसी तारा. साधारण 332 दिवसांच्या चक्रात तो फुगतो, आकसतो आणि त्याची तेजस्विता तिसऱ्या प्रतीच्या आसपासून नवव्या प्रतीपर्यंत घसरते (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). तेव्हा नुसत्या डोळ्यांना तो दिसणे शक्यच नाही. 1596 मध्ये डेव्हिड फॅब्रिसियस या खगोलनिरीक्षकालाही तो असाच चकवून गेला; पुन्हा दिसला तो 1609 मध्ये.

या स्पंदनांतच तारा स्वतःला उधळत असतो. सूर्याइतक्याच वस्तुमानाचा तारा त्रिज्येने सूर्याच्या तीनशेपट फुगला, तर त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व नव्वद हजार पटींनी घटते. वरच्या थरांवर पकड अशी राहतच नाही. प्रत्येक स्पंदन वायूला वर फेकते. तिथे तापमान 1,200 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले, की वायूतून धूळ तयार होऊ लागते. कार्बन जास्त असेल तर काजळी, ऑक्सिजन जास्त असेल तर सिलिकेटचे, म्हणजे वाळूसारख्या खनिजाचे, कण. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर रेटतो आणि कण भोवतालचा वायूही ओढून नेतात. (काजळीचे गणित नीट जुळते; सिलिकेटचे कण ताऱ्याजवळ बरेच पारदर्शक असतात, प्रकाश त्यांना फारसा रेटू शकत नाही, म्हणून त्यांच्याबाबत अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.)

वायू आणि धुळीचा हा वारा तसा संथ, सेकंदाला 10-20 किलोमीटर. सूर्यापासून वाहणारा सौरवारा सेकंदाला सुमारे 400 किलोमीटरने धावतो. पण राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यात माल अफाट! जोमाने झिजणारा तारा वर्षाला तीन पृथ्व्यांएवढे द्रव्य सहज गमावतो.

दुर्बिणीतून हा वारा दिसणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मीराची 13 प्रकाशवर्षे लांब शेपटी 2007 मध्ये गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीला अतिनील प्रकाशात सापडली. तुम्हाला दिसेल ते अशा वाऱ्याचे उरलेसुरले: स्वरमंडळ तारकासमूहातली कंकणाकृती बिंबाभ्रिका, म्हणजे ताऱ्याने टाकलेले कवच आणि मधोमध उघडा पडलेला गाभा. गाभा मात्र लहान दुर्बिणीत दिसत नाही.

मीराची नोंद ठेवायची असेल, तर दर दहा दिवसांनी शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून पाहा. त्यांच्या प्रती नकाशाच्या मागे छापल्या आहेत.