आंबवलेल्या मांसातील लॅक्टिक अम्ल जंतूंची वसाविघटन क्रिया

कच्चे मांस, चरबी, मीठ व थोडी साखर एकत्र करून आवरणात भरलेले सॉसेज आंबत व मुरत असताना चरबीतील ट्रायग्लिसराइडांचे (ग्लिसरॉलला तीन वसाम्ले जोडलेल्या रेणूंचे) जलीय विच्छेदन होऊन, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने ते तुटून, वसाम्ले सुटी होतात; हेच वसाविघटन. सलामीसारख्या युरोपीय प्रकारांत लॅटिलॅक्टोबॅसिलस साकेई व लॅ. कर्व्हेटस या, साखरेपासून लॅक्टिक अम्ल तयार करणाऱ्या जंतूंच्या जाती प्रमुख असतात (२०२० पर्यंत त्या लॅक्टोबॅसिलस वंशात गणल्या जात).

या विच्छेदनाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. फिनलंडमधील निनिवारा यांनी १९५५ च्या सुमारास मायक्रोकॉकस या जंतूचे विरजण वापरात आणल्यानंतर ते श्रेय बराच काळ सूक्ष्मजंतूंना, विशेषतः मायक्रोकॉकस व स्टॅफिलोकॉकस यांना दिले जाई. पुढे प्रतिजैविके घालून जंतूंची वाढ रोखलेल्या सॉसेजमध्येही सुट्या वसाम्लांचे प्रमाण लक्षणीय वाढत असल्याचे आढळले. त्यामुळे मांस व चरबी यांच्या ऊतींतील एंझाइमांना प्राधान्य देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रयोगशाळेत लॅक्टिक अम्ल जंतू ‘वसाविघटक’ ठरतात, ते बहुधा ट्रायब्युटिरिन हे साधे ट्रायग्लिसराइड मिसळलेल्या आगरावरील (जंतू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावरील) चाचणीने. गढूळ आगरावर वसाहतीभोवती पारदर्शक वलय उमटले, की चाचणी होकारार्थी मानतात. परंतु ट्रायब्युटिरिनमधील ब्युटिरिक अम्लात चारच कार्बन अणू असतात, तर डुकराच्या चरबीत मुख्यत्वे सोळा व अठरा कार्बनांची पामिटिक, स्टिअरिक व ओलेइक अम्ले असतात. म्हणून असे वलय एस्टरेजाचे (आखूड साखळीची वसाम्ले सुटी करणाऱ्या एंझाइमाचे) निदर्शक असू शकते आणि तेवढ्यावरून खरे लायपेज (लांब साखळीच्या वसाम्लांची चरबी तोडणारे एंझाइम) सिद्ध होत नाही. शिवाय या जंतूंची अशी एंझाइमे बहुतांशी पेशीच्या आत असतात व सामान्यतः उदासीन पीएचच्या (आम्लतेच्या मापात सुमारे ७ च्या) आसपास अधिक कार्यक्षम असतात. सॉसेजचे पीएच मात्र ५ च्या जवळ उतरते, मिठाचे प्रमाण २ ते ३ टक्के असते आणि मुरण्याचे तापमान पुष्कळदा १२ ते १५ अंश सेल्सिअस राखले जाते.

या जंतूंचा महत्त्वाचा वाटा अप्रत्यक्ष दिसतो. त्यांनी निर्माण केलेल्या अम्लामुळे पीएच घटते आणि ऊतींतील लायसोसोमी अम्ल लायपेजाला (पेशींतील लायसोसोम या पिशव्यांमधील, अम्लीय स्थितीत काम करणाऱ्या लायपेजाला) अनुकूल स्थिती लाभते.

गोव्याच्या चोरीस या सॉसेजमध्ये आंबटपणा मुख्यतः घातलेल्या शिर्क्याचा असल्याने वरील निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.