दरडोई उत्पन्न म्हणजे हातात पडणारा पैसा?

‘बडोद्याचं दरडोई उत्पन्न इतके लाख, म्हणजे इथे सगळे सुखात’ असा मेसेज बरेच दिवस फिरतोय. गैरसमज होणं साहजिक आहे. हा आकडा जिल्ह्यात झालेल्या उत्पादनाचं मूल्य भागिले लोकसंख्या असा निघतो. रिफायनरीने कच्च्या मालाच्या किमतीत घातलेली भर ती उभी आहे त्या जिल्ह्यात धरतात. नफा कुठेही जावो. त्यात ही सरासरी. समजा, दांडिया बाजारातल्या वाड्यात नऊ घरांची मिळकत २०,००० आणि दहाव्याची ४,२०,००० आहे. सरासरी येते ६०,०००, मिळकतीच्या क्रमाने मधलं घर मात्र २०,०००वरच!

पडताळायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं (२०१९-२१) जिल्हापत्रक उघडा. स्वयंपाकाचं इंधन, मुलींचं शिक्षण बघाच, पण आधी पाच वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण बघा. त्यात कित्येक वर्षांचं खाणंपिणं आणि आजारपण दिसतं.