डू-वॉप

अमेरिकेतील मोठ्या शहरांमधल्या आफ्रिकी-अमेरिकी तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत घडवलेला समूहगायनाचा प्रकार. एक मुख्य गायक, त्याच्यामागे दोन-तीन आवाजांचा स्वरमेळ, तळाशी स्वतंत्र चालणारा खर्जाचा आवाज आणि निरर्थक अक्षरांची साथ ही त्याची ठळक लक्षणे होत. रिदम अँड ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी लोकप्रिय संगीताच्या प्रवाहाची ही शाखा मानली जाते. १९५४ पासून रॉक अँड रोलचा बोलबाला सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या यशस्वी तबकड्यांत या वृंदांचा वाटा मोठा होता. प्लॅटर्ससारखी काही नावे जगभर पोहोचली. बहुसंख्य वृंद मात्र एखाद्या तबकडीपुरते टिकले आणि आज ते संग्राहकांच्याच ओळखीचे आहेत.

‘डू-वॉप’ हे नाव मागाहून पडले. छापील मजकुरात ते १९६१ च्या सुमारास आढळते आणि १९७० च्या आसपास न्यूयॉर्कच्या जुन्या गाण्यांच्या रेडिओ कार्यक्रमांनी ते रूढ केले. प्रत्यक्ष गाणारे आपल्या गायनाला ‘ग्रुप हार्मनी’ किंवा नुसते रिदम अँड ब्लूज म्हणत. त्यांच्यापैकी काहींना नवे नाव अखेरपर्यंत रुचले नाही.

उगम : या प्रकाराची मुळे नेमकी कोठे, याविषयी एकमत नाही. जुने आणि अजूनही लोकप्रिय असलेले मत असे की, हे गाणे रस्त्याच्या कोपऱ्यावर जन्मले. वाद्ये परवडत नसलेली मुले दिव्याच्या खांबाखाली, इमारतींच्या जिन्यांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आणि शाळेच्या स्वच्छतागृहांत आवाज घुमतो म्हणून तेथे गात, असे हे चित्र. ते खोटे नाही. असंख्य गायकांच्या आठवणींत ते येते. परंतु मुले कोठे गात एवढेच त्यातून कळते, ती काय गात आणि कोणाकडून शिकत हे कळत नाही.

दुसरे मत व्यावसायिक वृंदांकडे बोट दाखवते. ओहायोतील पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स १९३० च्या दशकात तोंडाने ट्रंपेट, ट्यूबा यांचे आवाज काढत, आणि साथीच्या अक्षरांचा एक धागा तेथपर्यंत नेता येतो. इंक स्पॉट्स या चौकडीने १९३९ मध्ये ‘इफ आय डिडन्ट केअर’ या गाण्यातून टेनरने (उंच पट्टीच्या पुरुष गायकाने) गायचे आणि मधल्या कडव्यात खर्जाच्या गायकाने तेच शब्द बोलून दाखवायचे, हा साचा पक्का केला. पुढच्या पिढीत तो इतका रुळला की, मूनग्लोज या वृंदाचा हार्वी फुक्वा हा इंक स्पॉट्सच्या चार्ली फुक्वाचा पुतण्या होता, हा योगायोगही प्रतीकात्मक वाटावा.

तिसरे मत गॉस्पेल, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी चर्चमधील भक्तिगीते गाणाऱ्या, चौकड्यांचे. नॉर्थ कॅरोलायनातील लार्क्स आधी ज्युबिलेटर्स या नावाने भक्तिगीते गात. १९५० मध्ये न्यूयॉर्कला येऊन त्यांनी एकाच दिवशी चार कंपन्यांसाठी निरनिराळ्या नावांनी ध्वनिमुद्रण केल्याचे सांगितले जाते. विन्स्टन-सेलमचे फाइव्ह रॉयल्सही मूळचे रॉयल सन्स हे गॉस्पेल वृंद. याहून मागे जायचे, तर वाद्यांशिवाय चार आवाजांत गाणाऱ्या बार्बरशॉप चौकड्यांचा प्रश्न येतो. ही गोऱ्या मध्यमवर्गाची करमणूक असा समज दीर्घकाळ होता. लिन अ‍ॅबट यांनी १९९२ मध्ये जुन्या वृत्तपत्रांतील उल्लेख आणि आठवणी यांच्या आधारे तिचा उगम आफ्रिकी-अमेरिकी असल्याचे प्रतिपादन केले. हे प्रतिपादन आता बहुतेकांना मान्य आहे. ते स्वीकारले म्हणजे पहिल्या तीन मतांतील अंतर बरेच कमी होते, कारण कोपरा, रंगमंच आणि चर्च या तिन्ही ठिकाणी एकच जुनी सवय वावरत होती असे म्हणता येते.

ध्वनिमुद्रणांची साक्ष पाहता कालानुसार भेद करणे अधिक सयुक्तिक दिसते. १९४० च्या दशकातील वृंदांवर रंगमंचीय लोकप्रिय गीतांची छाप आहे. गॉस्पेलचा जोर १९५० नंतर, विशेषतः डॉमिनोज या वृंदाच्या क्लाइड मॅकफॅटरच्या रडव्या, हेलकावणाऱ्या आवाजाबरोबर येतो. बॉल्टिमोर आणि वॉशिंग्टनमधील गायकांशी बोलून लिहिणाऱ्या स्टुअर्ट गूसमन यांनी वर्णभेदाने आखलेल्या वस्त्या, तिथल्या शाळा आणि नाट्यगृहे यांवर दिलेला भरही महत्त्वाचा आहे.

पहिली तबकडी कोणती, हा वाद याच प्रश्नाचे शेपूट. रेव्हन्स या न्यूयॉर्कच्या वृंदाने १९४७ मध्ये ‘ओल्ड मॅन रिव्हर’ हे गाणे खर्जाच्या जिमी रिक्सला पुढे ठेवून गायले. अनेकजण आरंभ तेथे धरतात. ओरिओल्सचे ‘इट्स टू सून टू नो’ १९४८ चे. बॉल्टिमोरच्या या वृंदाची व्यवस्थापक डेबोरा चेसलर ही तरुण ज्यू विक्रेती होती आणि गाणेही तिचेच. सनी टिलचा हळुवार आवाज, मागे जवळजवळ अदृश्य वाद्ये आणि कुजबुजणारा स्वरमेळ यांमुळे ते कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेच, शिवाय सर्वसाधारण लोकप्रियता यादीतही चढले. (संगीतव्यवसायाच्या बिलबोर्ड साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतले, ते यानंतर, १९४९ मध्ये.) फक्त रॉक अँड रोलशी जोडलेला आरंभ हवा असणारे क्रोज या न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या वृंदाचे ‘जी’ पुढे करतात. ते १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि १९५४ च्या पूर्वार्धात गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. आरंभबिंदू मानायचाच तर १९४८ कमी वादग्रस्त ठरतो.

रचना : गाणी प्रायः ३२ मात्राखंडांची; दोन सारखी कडवी, वेगळ्या चालीचे मधले कडवे आणि पुन्हा पहिली चाल. सी स्वरातले गाणे असेल तर सी मेजर, ए मायनर, एफ मेजर, जी मेजर हा स्वरमेळांचा क्रम फिरत राहतो. तो ‘ब्लू मून’ व ‘हार्ट अँड सोल’ या १९३० च्या दशकातील गाण्यांतून परिचित होता आणि ज्याला पियानोची चार बोटे येतात त्यालाही वाजवता येत असे. संथ गाण्यांत पियानो प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करून वाजतो. मधल्या कडव्यानंतर बहुधा सॅक्सोफोनचा तुकडा येतो. आवाजांची वाटणी खालून वर अशी : बेस (खर्ज), बॅरिटोन (मधला आवाज), दुसरा टेनर, मुख्य टेनर आणि क्वचित सर्वांच्या वर तरंगणारा फॉल्सेटो (चोरटा उंच आवाज). निरर्थक अक्षरे केवळ गंमत म्हणून नव्हती. बेसची अक्षरे तंतुवाद्याच्या खर्जाची जागा घेत, मधल्या आवाजांची अक्षरे ट्रंपेटसारख्या ब्रास वाद्यांची. मूनग्लोजनी ओठ किंचित उघडे ठेवून श्वासासकट स्वर सोडण्याची रीत रूढ केली. तिला ‘ब्लो हार्मनी’ म्हणतात. शिकागोच्या फ्लेमिंगोजचे काही गायक कृष्णवर्णीय ज्यू पंथाच्या चर्चमध्ये वाढले होते, आणि त्यांच्या वेगळ्या स्वरमेळांचे मूळ अनेक अभ्यासक तेथील गायनात शोधतात.

वृंद आणि त्यांचे दैव : रेव्हन्स, ओरिओल्स यांच्या अनुकरणाने पक्ष्यांची नावे घेणाऱ्या वृंदांची रीघ लागली; नंतर कॅडिलॅक्स, इम्पालाज, एल डोराडोज अशी मोटारींची नावे आली. इंडियानातील गॅरी गावचे स्पॅनियल्स, न्यू हेवनचे फाइव्ह सॅटिन्स (यांचे ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ १९५६ मध्ये एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झाले), लॉस एंजेलिसचे पेंग्विन्स हे त्यांतले सुदैवी. न्यूयॉर्कचे हार्पटोन्स उत्कृष्ट मानले जातात, पण सर्वसाधारण राष्ट्रीय यादीत ते कधी ठळक दिसले नाहीत.

प्रिझनेअर्स हा वृंद नॅशव्हिलच्या टेनेसी राज्य कारागृहातील कैद्यांचा. १९५३ च्या जूनमध्ये सशस्त्र पहाऱ्यात त्यांना मेम्फिसच्या सन स्टुडिओत आणले गेले आणि ‘जस्ट वॉकिन इन द रेन’ ध्वनिमुद्रित झाले. मुख्य गायक जॉनी ब्रॅग या गाण्याचा सहरचनाकार होता. तीन वर्षांनी जॉनी रे या गोऱ्या गायकाने तेच गाणे गाऊन कितीतरी मोठे यश मिळवले.

ही घटना अपवाद नव्हती. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या कॉर्ड्सचे ‘श-बूम’ १९५४ मध्ये तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर टाकलेले गाणे. ते चालू लागताच टोरांटोच्या क्रू-कट्स या गोऱ्या चौकडीने त्याची आवृत्ती काढली आणि ती नऊ आठवडे अग्रस्थानी राहिली. कॉर्ड्सना तर त्याच नावाचा दुसरा वृंद निघाल्यामुळे नावही बदलावे लागले. कायद्याने संरक्षण होते ते गीतरचनेला, गाण्याच्या मांडणीला नाही. ध्वनिमुद्रणाला संघीय स्वामित्वहक्क १९७२ पर्यंत नव्हताच. रचनेचे श्रेय तरी गायकांना मिळावे, तर तेथेही अडचण. मूनग्लोजच्या ‘सिन्सिअर्ली’वर रेडिओनिवेदक अ‍ॅलन फ्रीड यांचे नाव सहरचनाकार म्हणून लागले. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ या १९५६ च्या गाण्याबाबत टीनेजर्स वृंदातील हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांच्या बाजूने १९९२ मध्ये निकाल लागला, पण दावा मुदतबाह्य ठरवून तो १९९६ मध्ये फिरवण्यात आला. गाणे लोकांना तोंडपाठ, रचनाकार कोण ते न्यायालयाने मुदतीवर ठरवले, अशी ही स्थिती.

मुलींचे वृंद थोडे होते. ब्राँक्सच्या एका कॅथलिक शाळेत ग्रेगोरियन गायन (चर्चमधील जुने एकसुरी प्रार्थनागायन) शिकलेल्या शँटेल्सचे ‘मेबी’ त्यांत अग्रगण्य. १९५८ पासून इटालियन-अमेरिकी तरुण या प्रकारात शिरले; डियन अँड द बेलमॉन्ट्स प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडच्या एलिगंट्सचे ‘लिटल स्टार’ त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्यानंतर त्यांचे एकही गाणे पहिल्या शंभरात आले नाही.

संग्राहक आणि पुनरुज्जीवन : न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्याखालील भुयारी स्थानकाच्या गाळ्यात अर्व्हिंग ‘स्लिम’ रोझ यांनी १९५९ च्या सुमारास टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स हे दुकान काढले. हव्या असलेल्या जुन्या तबकड्यांची यादी भाव लिहून भिंतीवर लागे आणि शाळकरी मुले शहरभर अडगळी उपसत. १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिलेले कॅप्रिसचे ‘देअर्स अ मून आउट टुनाइट’ याच वर्तुळातून पुन्हा बाजारात आले आणि १९६१ मध्ये देशभर गाजले. न्यूयॉर्कमधील क्वीन्सच्या फाइव्ह शार्प्स या वृंदाची ज्युबिली कंपनीने १९५२ मध्ये काढलेली ‘स्टॉर्मी वेदर’ ही तबकडी या जगातली सर्वांत दुर्मीळ वस्तू समजली जाते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकडीच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती ज्ञात आहेत. मागणी वाढल्यावर कंपनीने वेगळ्याच गायकांकडून ते गाणे त्याच नावाने पुन्हा गाऊन घेतले. दुर्मीळ ते श्रेष्ठ ही संग्राहकांची वृत्ती इतिहासलेखनातही उतरली असून, एका तबकडीच्या वृंदांना मिळणारी पाने आणि त्यांचा समकालीन प्रभाव यांचा मेळ नेहमीच बसत नाही.

१९६३-६४ पर्यंत सोल हा नवा आफ्रिकी-अमेरिकी गीतप्रकार आणि ब्रिटिश वृंद यांच्यापुढे हा प्रकार मागे पडला. १९७६ मध्ये रॉनी इटालियानो यांनी न्यू जर्सीत युनायटेड इन ग्रुप हार्मनी असोसिएशन ही संस्था काढून विस्मृत गायकांना पुन्हा मंचावर आणले. पुनर्मीलनाच्या या मैफलींबरोबर तोतये वृंदही वाढले : मूळचा एकही सदस्य नसताना जुने नाव लावून कार्यक्रम करणारे. २००५ नंतर अनेक राज्यांनी याला आळा घालणारे कायदे केले. त्यांनुसार नाव वापरायचे तर नोंदणीकृत व्यापारचिन्ह किंवा मूळ ध्वनिमुद्रणात गायलेला निदान एक सदस्य असावा, किंवा जाहिरातीत हा मूळ वृंदाला वाहिलेला कार्यक्रम असल्याचे स्पष्ट म्हटलेले असावे, अशा स्वरूपाच्या अटी आहेत.