वॉरंटीतली गाडी नेपाळ-भूतानला नेताय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि दाव्याची प्रक्रिया

ठाण्यात घेतलेल्या गाडीची वॉरंटी काठमांडूत किंवा थिंफूत चालेल का, हे शोरूमच्या सेल्समनला विचारून उपयोग नाही. उत्तर वॉरंटी पुस्तिकेत, व्याप्ती आणि अपवादांच्या पानावर असतं. तिथे त्या देशाचं नाव स्पष्ट छापलेलं नसेल, तर वॉरंटी भारतापुरतीच धरून चाला. सीमेपलीकडे ब्रँडची पाटी तीच असली तरी गल्ला वेगळा असतो. नेपाळमध्ये टाटाच्या गाड्या सिप्रदी ट्रेडिंग विकते, सुझुकीच्या गाड्या सीजी समूह. तुमची गाडी त्यांनी विकलेली नाही. फुकट बसवलेल्या पार्टचे पैसे भारतातली कंपनी देईल, असं लेखी असल्याशिवाय ते बिल तुमच्याच हातात देणार.

म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करा, डीलरला प्रत ठेवा. त्यात १७ अक्षरी चेसिस नंबर, विक्रीची तारीख, सध्याचं किलोमीटर रीडिंग, प्रवासाच्या तारखा आणि कुठल्या सीमा नाक्यावरून जाणार ते लिहा. प्रश्न तीनच: तिथे वॉरंटी लागू आहे का, कुठल्या वर्कशॉपमध्ये, आणि मी बिल भरलं तर परतफेड कोणत्या कागदांवर मिळेल. नुसतं ‘हो सर, होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर कलम क्रमांक मागा. फोनवरचा शब्द पुढे कुणीच मानत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल वेगळं विचारा. तिच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा वेगळ्या असू शकतात.

पात्रता भारतात लागते तीच: वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तोवर वॉरंटी, आणि सगळ्या सर्व्हिस ठरलेल्या अंतरात झालेल्या. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट किंवा वायरिंग कापून लावलेले दिवे असतील, तर त्या भागाचा दावा घोडबंदर रोडवरच्या वर्कशॉपमध्येही अडतो. पोखऱ्यात तर हमखास. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, वायपर या झिजणाऱ्या वस्तू सहसा वॉरंटीत नसतातच. टायर आणि बॅटरीची जबाबदारी बहुधा त्यांच्या उत्पादकांकडे असते.

कागदपत्रांत मूळ आरसी, लायसन्स, पीयूसी, गाडीचं मूळ इनव्हॉइस, वॉरंटी पुस्तिका आणि सर्व्हिसची सगळी बिलं ठेवा. डिजिलॉकरवर विसंबू नका. त्याची कायदेशीर मान्यता भारतातली आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र हवं. विम्याचं मात्र बरेच जण विसरतात: पॉलिसी मुळात भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे देशांसाठी आयएमटी-१ हे भौगोलिक विस्ताराचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, घ्यावं लागतं. जुन्या टॅरिफमध्ये त्याचा हप्ता सरसकट ५०० रुपये होता. आजचा दर विमा कंपनीकडून लेखी घ्या. पण विमा अपघातासाठी. गिअरबॉक्स आपोआप बिघडला तर विमा कंपनी हात वर करते.

आता गाडी बंद पडली तर. चेतावणीचा दिवा पेटलेला असताना डॅशबोर्डचा फोटो काढा, त्यात किलोमीटर दिसू द्या. बॉनेट उघडून सुटे भाग काढण्याआधी अधिकृत वर्कशॉपला स्कॅनर लावायला सांगा आणि फॉल्ट कोडची, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणेची, प्रिंट घ्या. कोड आधी पुसले, की बिघाडाचा पुरावाच गेला. तो अहवाल कंपनीला मेल करा आणि मंजुरीचा क्रमांक येईपर्यंत थांबा. अडून बसावं लागतं ते इथेच, कारण मेकॅनिकला बे, म्हणजे गाडी उभी करायची जागा, रिकामी करायची घाई असते.

मंजुरी नाकारली किंवा उत्तरच आलं नाही, तर गाडी चालती होण्यापुरतंच काम करून घ्या आणि मोठं काम भारतात आणा. काकडभिट्टाच्या सीमा नाक्याहून सिलिगुडी जवळ पडते, सुनौलीच्या नाक्याहून गोरखपूर. टो करायचं असेल तर रोडसाइड असिस्टन्स सीमेपलीकडे येतं का, हेही त्या पहिल्याच मेलमध्ये विचारलेलं बरं.

जॉब कार्डवर चेसिस नंबर, रीडिंग, तक्रार, निदान आणि पार्ट नंबर लिहून घ्या. नेपाळमध्ये १३ टक्के व्हॅट दाखवणारं, दुकानाचा पॅन असलेलं पक्कं बिल मागा. त्यावर तारीख विक्रम संवताची असू शकते. २०८२ सारखं वर्ष दिसलं की भारतातला क्लार्क बिलच परत करतो, म्हणून इंग्रजी तारीखही टाकून घ्या. नेपाळी रुपयाचा दर १.६० ला एक भारतीय रुपया असा बांधलेला आहे, त्यामुळे हिशोबात वाद होत नाही. काढलेला पार्ट टॅग लावून सोबत आणा. पेट्रोल पंपाच्या पावत्याही जपा. खराब इंधनाचं कारण पुढे केलं जातं, जरी नेपाळला इंधन पुरवते ती आपली इंडियन ऑइलच.

पार्ट येण्यात दिवस गेले तर नेपाळच्या भन्सारची, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क खात्याने गाडीला दिलेल्या परवान्याची, मुदत संपत येते. ती संपण्याआधीच भन्सार कार्यालयात वर्कशॉपचं पत्र दाखवून वाढवून घ्या, नाहीतर दंड भरावा लागतो. तो दंड कुठलीही वॉरंटी भरून देत नाही.

परत आल्यावर डीलरकडे दावा लेखी द्या, पोच घ्या. मेलमध्ये मान्य केलेलं नंतर नाकारलं तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. शुल्क गाडीला दिलेल्या किमतीवर ठरतं: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. त्यापुढे २ कोटींपर्यंतच्या किमतीची गाडी असेल तर राज्य आयोग. प्रतिवादी म्हणून भारतातली कंपनी आणि तुमचा डीलर यांना धरा, परदेशातल्या वर्कशॉपला ओढू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. आयोग सदोष पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तोवर तो भंगारात देऊ नका.